पेट्रोल बोटीला अँटी-सायफन व्हॉल्व्ह: अख्खा सीझन वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. बोट पेट्रोलवर चालत असेल आणि टाकी डेकखाली फिक्स असेल तर अँटी-सायफन व्हॉल्व्ह, म्हणजे पाईप फुटला तरी टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा, लावाच, आणि पुढेमागे इंजिन खोकायला लागलं म्हणून त्याच्या आतली गोळी-स्प्रिंग कुणाच्या सांगण्यावरून काढून टाकू नका. बाकीचं सगळं या दुसऱ्या वाक्यासाठीच लिहितोय.

बोट माझी आणि चुलतभावाची मिळून आहे, फायबरची, मागे फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), मधे डेकखाली ॲल्युमिनियमची टाकी. बेलापूरच्या खाडीत असते. गळ टाकायला जातो, कधी घरच्यांना घेऊन घारापुरीच्या अंगाला चक्कर, थंडीत फ्लेमिंगो आले की ठाणे खाडीत वाशी पुलाच्या वर. नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवली तेव्हा व्हॉल्व्ह बसवला आणि आता परत वर घेतली.

काम एकदम साधं आहे. टाकीतून पेट्रोल जिथून बाहेर पडतं त्या तोंडावरच हा बसतो, आत एक गोळी आणि मागे स्प्रिंग. इंजिनाचा पंप ओढतो तेव्हा गोळी सरकते आणि वाट उघडते, ओढणं थांबलं की बंद. ड्रममधून नळीने तोंडाने ओढून तेल काढतात ना, एकदा धार लागली की ड्रम रिकामा होईपर्यंत थांबत नाही, तेच बोटीत पाईप फुटल्यावर होऊ नये म्हणून हे.

आता काहीजण म्हणतात टाकी तर खाली, इंजिन वर, मग धार लागणार कुठून. तर आपल्याकडची सुकती (ओहोटी) बघा. उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, पाणी गेलं की बोट चिखलाच्या उतारावर बसते, पुढची बाजू वर आणि मागची खाली, टाकी फुल असेल तर पेट्रोलची पातळी मागच्या फिल्टरच्या वर जाते. त्या वेळी बोटीवर कुणी नसतं. फिल्टरजवळ होज चिरलेला असला तर निम्मी टाकी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत उतरेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर उडून जात नाही, तळाशी बसून राहते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी पेट घ्यायला पुरते. मग भरतीला पाणी आलं, तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा तरंगता फ्लोट उचलला, स्विचला ठिणगी पडली की संपलं. मला झोप न येण्याचं कारण हेच होतं, म्हणून व्हॉल्व्ह घेतला.

बसवताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते आट्यांनी. हे व्हॉल्व्ह बहुतेक अमेरिकन मापाचे, पाव इंची एनपीटी (अमेरिकन आट्यांचं माप), इंचाला १८ आटे. आपल्याकडे हार्डवेअरमध्ये जे पाव इंची फिटिंग मिळतं ते बीएसपी (ब्रिटिश माप), इंचाला १९ आटे आणि आट्याचा कोनही वेगळा. हाताने दोन फेरे मस्त बसतं, वाटतं झालं, पुढे पान्याने आवळलं की आटे खातात आणि लीक कायमचा. तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून बरोबर आट्यांचा स्टेनलेसचा ॲडॉप्टर करून घेतला. स्टेनलेसच का, तर पितळेचा व्हॉल्व्ह थेट ॲल्युमिनियमच्या टाकीत लावला तर खाऱ्या हवेत टाकीचं ॲल्युमिनियम गंजतं, मधे स्टेनलेस हवंच. आणि टेफ्लॉन टेप वापरू नका हो, तिचे धागे सुटून गोळीखाली अडकतात, पेट्रोलला चालणारं लिक्विड सीलंट मिळतं ते लावा.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची ताकद. सगळे व्हॉल्व्ह सारखे नसतात, किती उंचीचं पेट्रोल अडवणार त्यावर माप असतं. बोट वाकडीतिकडी बसल्यावर भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलची पातळी होजच्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा किती वर जाते ते मोजायचं आणि तेवढ्याचाच घ्यायचा. एक फूट पेट्रोलचा दाब म्हणजे पाऱ्याच्या उंचीत मोजला तर पाऊण इंचापेक्षाही थोडा कमी, आणि पुष्कळ आउटबोर्डना ओढताना अडीच इंचाच्या आसपासच व्हॅक्यूम झेपतो, त्यातच होज, फिल्टर, टाकीतली नळी सगळं बसवायचं असतं. म्हणजे उगाच कडक स्प्रिंगचा घेतला तर इंजिन उपाशी राहणार. दुकानदाराला हे विचारलं तर तो सरळ मोठा घ्या म्हणाला, आम्ही मोजून घेतला.

दिवाळीपर्यंत व्हॉल्व्ह आहे हे जाणवलंसुद्धा नाही. थंडीत मात्र एकदा उरणकडून येताना फुल थ्रॉटलला इंजिन दम सोडायला लागलं, हळू केलं की ठीक, परत वाढवलं की परत तेच, आणि प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या लाईनमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) हाताला चपटा लागत होता. धक्क्यावर आल्यावर जो तो एकच सांगतो, गोळी काढून टाक, सगळे तसंच करतात. एक तांडेल (बोटीचे म्होरके) काका आहेत, आयुष्य समुद्रात गेलंय त्यांचं, तेसुद्धा म्हणाले, "अरे बाळा, कशाला ठेवतोस ती कटकट." काकांना मान आहे, पण त्यांची सगळी हयात डिझेलवर गेली, डिझेलची वाफ अशी पटकन पेटत नाही, आपलं पेट्रोल आहे.

बल्ब चपटा होतो म्हणजे अडथळा बल्बच्या आधी, टाकीकडे, एवढं नक्की. टाकीचं झाकण उघडून चालवलं, फरक नाही, म्हणजे हवेची नळी साफ. मग सुटी टाकी जोडली, इंजिन मस्त पळालं, म्हणजे इंजिन, बल्ब सगळं बरोबर. लाईनमध्ये टी घालून व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळीचा तुकडा लावला, गेज चढत होतं आणि नळीत बुडबुडे नव्हते. बुडबुडे दिसले असते तर कुठेतरी हवा ओढतंय असा अर्थ झाला असता. व्हॉल्व्ह उघडला तर गोळीभोवती पांढरट बारीक गाळ. हा टाकीच्या तळाचा. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली बसतं आणि ॲल्युमिनियमला खातं, आणि टाकीतली नळी नेमकी तळाशीच तोंड लावून असते. म्हणजे दोष टाकीतल्या पाण्याचा, शिव्या खातो व्हॉल्व्ह. टाकी रिकामी करून पुसली, व्हॉल्व्ह धुतला, दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकला, तेव्हापासून तक्रार नाही.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इंजिन चालू असताना हा काहीच वाचवत नाही, कारण पंप ओढतच असतो, फुटलेल्या जागेतून पेट्रोल येतच राहणार. पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला लीक असेल तरी याचा संबंध नाही. म्हणून होज चांगला लागतो. शिक्का बघून घ्या, ए१-१५ असा असतो, त्यातला ए म्हणजे आगीच्या टेस्टमध्ये अडीच मिनिटं तग धरणारा आणि १५ म्हणजे एका चौरस मीटरमधून २४ तासांत १५ ग्रॅमच्या वर पेट्रोल झिरपू न देणारा. गॅरेजमधला साधा काळा पाईप बोटीत नको, तो स्वस्त पडतो पण ई२० मुळे मऊ पडतो. बंदिस्त इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर स्टार्टच्या आधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर निदान चार मिनिटं, आणि ब्लोअर चालवला तरी बिल्जचं झाकण उघडून नाकाने वास घ्यायचाच.

अमेरिकेत पेट्रोल इनबोर्ड बोटींना सायफन अडवायची सोय कोस्ट गार्डच्या नियमानेच सक्तीची आहे. आपल्या धक्क्यावर कोण विचारत नाही, म्हणून आपणच विचारायचं.

चालतोय की नाही ते तपासायची पद्धत: बोट जमिनीवर, उघड्या हवेत, बॅटरी सुटी केलेली, जवळ अग्निशामक. फिल्टरकडचा होज काढून टाकीच्या पातळीखाली डब्यात सोडायचा आणि बल्ब दाबायचा. दाबताना पेट्रोल येईल, हात काढला की धार थांबली पाहिजे. थेंब-थेंब चालूच राहिलं तर गोळी नीट बसत नाही, साफ करा, तरी नाही थांबलं तर नवीन घ्या. आमचा आत्ता बोट वर घेतल्यावर तपासला, धार लगेच तुटली. तरी एक जादा व्हॉल्व्ह ॲडॉप्टरसकट डब्यात ठेवलाय, कारण ते आटे परत करून घ्यायला टर्नरकडे आठवडा जातो.