सातारा-गोवा दोन दिवसांचं पॅकेज : बॉम जेझूला ४० मिनिटं, काजूच्या दुकानाला दीड तास

पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन चर्चचे, अर्धा ड्रायव्हरचा, पॅकेजवाल्याला काही नाही. नाव टाकत नाही कारण साताऱ्यातच राहायचंय आणि रोज कुठंतरी तोंडाला तोंड पडणार.

रात्री साडेनऊची बस बॉम्बे रेस्टॉरंट चौकात पावणेबाराला आली. तोपर्यंत आईनं वाटेत खायला घेतलेले कंदी पेढे निम्मे संपले होते आणि फोन केला की एकच उत्तर, "साहेब, लिंब खिंडीत आहे, पाच मिनिटं." सीट पुशबॅक म्हणून सांगितलेली, माझी फक्त बॅक होती, पुश काय झाली नाही. माणशी साडेचार हजार घेतले राव.

सकाळी जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चपाशी उतरलो आणि गाईडनं पहिलंच वाक्य टाकलं, "ही बॅसिलिका, मंजे मोठं चर्च, ब्रिटिशांनी बांधलेलं." मी बांधकामाची कामं घेतो, शिकलेला फार नाही, पण गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते एवढं तर शाळेतल्या पोराला पण माहिती असतंय. बांधलं जेझुइट लोकांनी, मंजे ख्रिस्ती पाद्र्यांचा एक संघ आहे त्यांनी. काम १५९४ ला सुरू, १६०५ ला पूर्ण, दर्शनी भिंतीवर वर त्यांची आयएचएस ही खूण कोरलेली आहे ती मान वर केली की दिसते.

आणि बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च असं अजिबात नाही. समोर रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल आहे, ते याच्यापेक्षा कितीतरी मोठं, पण बॅसिलिका हेच. मूळ शब्द रोमन लोकांच्या कोर्टकचेरीच्या आणि व्यापाराच्या हॉलचा, पण आता तो पोपनं दिलेला मान आहे. मुख्य बॅसिलिका चारच आणि चारही रोममध्ये, बाकी जगभरातल्या सगळ्या लघु बॅसिलिका. बॉम जेझूला हा मान १९४६ ला मिळाला, बाराव्या पायस पोपच्या वेळी, मंजे बांधून साडेतीनशे वर्षं होत आल्यावर. या मानाच्या खुणांमध्ये एक घंटा असते आणि एक अर्धवट उघडलेली छत्री, पिवळ्या-लाल पट्ट्यांची. छत्रपतींच्या गावातल्या माणसाला छत्राचा मान काय असतो ते वेगळं सांगायला नको. हे मी घरी आल्यावर वाचून काढलं, गाईडला छत्रीचं विचारलं तर म्हणतो, "आज पाऊस नाहीये साहेब."

आत आईनं दारातच चपला काढल्या. मी म्हटलं अगं इथं चालतं, तर म्हणाली समाधी आहे ना, मग सज्जनगडावर काय चपला घालून जातोस का. बरोबर आहे तिचं. सेंट फ्रान्सिस झेवियर, मंजे ख्रिस्ती धर्म सांगत फिरलेला संत, त्याचं शव इथं आहे. गाईडच्या म्हणण्यानं चर्च त्याच्यासाठीच बांधलं, ते पण चूक. झेवियर गेला १५५२ च्या डिसेंबरात, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, तिथून मलाक्का आणि १५५४ ला गोवा. या चर्चचा पाया पडायला अजून ४० वर्षं होती. चर्च बाळ येशूच्या नावाचं, शव इथं नंतर आलं.

खाली संगमरवराचा जो नक्षीदार चौथरा आहे तो इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकनं, तिसऱ्या कोझिमोनं दिलेला. फोजिनी नावाच्या शिल्पकारानं तो दहा वर्षं घडवला आणि १६९८ ला इथं बसवला. वरची शव ठेवलेली चांदीची पेटी मात्र त्याच्या आधीची, गोव्याच्याच कारागिरांनी केलेली. पेटी इतकी उंच आहे की खालून काही दिसत नाही, दहा वर्षांतून एकदा खाली उतरवतात, नुकताच नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा दर्शन सोहळा झाला. आम्ही गर्दी नको म्हणून फेब्रुवारीत गेलो, आई म्हणते चुकलंच.

पण मला खरा वेळ पाहिजे होता तो बाहेर. १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद बांधकाम, आणि सगळा जांभा उघडा! आपल्या कासच्या पठारावर पायाखाली असतो तोच भोकाभोकांचा तांबडा दगड. कोपरे, खांब नि नक्षी काळ्या दगडात, तो वसईहून आणलेला. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा बघितलेल्यांना वसई आणि पोर्तुगीज लगेच कळेल, १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची ती. तर या चर्चला आधी बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज आर्किटेक्टच्या सांगण्यावरून तो काढून टाकला, दगड दिसला की जुनं वाटतं म्हणून. जांभा पाणी पितो हो! गोव्याचा पाऊस अंगावर घेत भिंत सत्तर वर्षं उघडी उभी आहे. कडेच्या भिंतीला बोट लावलं तर तांबडी भुकटी आली बोटाला. एका बाजूला दगडी टेकू दिलेत ते बघत होतो, किती झुकाव आहे ते नजरेनं मापत होतो, तेवढ्यात शिट्टी. "चला चला, बसमध्ये!" ४० मिनिटं झाली.

तिथून थेट काजूच्या दुकानात. दीड तास! दुकानवाल्याचं नि गाईडचं काय होतं ते सगळ्यांनाच कळत होतं.

जाणार असाल तर आपलं आपण जा. पणजीवरून साधी लोकल बस मिळते, चर्चला तिकीट नाही, खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, रविवारी सकाळी प्रार्थना असते त्यामुळे जरा उशिरा जा. निदान दोन तास ठेवा, त्यातला एक बाहेरच्या भिंतींना.

ड्रायव्हरचा अर्धा स्टार कशाचा ते राहिलंच. येताना आंबोलीत आईला मळमळायला लागलं तर यानं न सांगता गाडी बाजूला घेतली, लिंबू कापून दिलं, आणि मागून ओरडणाऱ्या गाईडला म्हणाला, "काजूला दीड तास थांबलास, आता पाच मिनिटं गप बस."