भिंतीवरच्या दिव्याची वायर: भिंतीच्या आतून की पट्टीतून?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या काही नव्या उंच इमारतींत भिंती विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या असतात. त्यांत झिरी पाडल्यास आतील सळ्यांना धोका पोहोचतो, म्हणून तिथे केसिंग पट्टीतून, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या झाकणाच्या पोकळ पट्टीतून, वायर नेणेच योग्य, मग ती पट्टी डोळ्यांना थोडी खुपली तरी चालेल. जुन्या विटांच्या घरात मात्र कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आत लपवलेले, वायरिंग देखणे दिसते. धूळ, प्लास्टर आणि रंगकामाचा खर्च तेवढा सोसावा लागतो. दोन्हींत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते आणि धातूच्या दिव्याला हिरवी अर्थिंगची वायर जोडावीच लागते. स्विचमधून फेजच, म्हणजे वीज आणणारी वायरच, न्यावी. स्विचने न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तोडल्यास दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहतेच.