फाइंड की एफडी: ‘नाही’ कुणाचं खरं मानायचं?

फाइंड आणि एफडी, लिनक्सवर फाइली शोधायच्या या दोन कमांड. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात एफडीच जास्त चालतं. तरी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नवीन आलेल्या पोरानं परवा विचारलं, ‘दादा, यातलं एकच धड शिकायचं तर कुठलं?’ तेव्हा माझ्या तोंडून फाइंड निघालं. त्याला काही ते पटलं नाही. १९७४ च्या युनिक्समधली कमांड २०१७ साली रस्ट या नव्या भाषेत लिहिलेल्या टूलपेक्षा बरी कशी, हा त्याचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. म्हणून जरा सविस्तर.

एफडीचं कौतुक आधी करतो, कारण ते मनापासून आहे. (घरात मात्र ‘एफडी लावली’ असं मोठ्यानं म्हणायची सोय नाही, लगेच कुठल्या बँकेत म्हणून विचारणा होते.) ‘एफडी पट्टी’ एवढं टाइप केलं की नावात कुठंही ‘पट्टी’ असलेल्या फाइली समोर. रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा साचा) चालतं आणि ते फक्त फाइलच्या नावाला लागतं. फाइंडचं ‘-रेजेक्स’ अख्ख्या पाथशी, म्हणजे फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याशी जुळवून बघतं, त्यामुळं पुढं-मागं ‘डॉट स्टार’ (म्हणजे इथं काहीही चालेल) लावायला विसरलात की हाती काहीच लागत नाही. इंग्रजी नाव छोट्या अक्षरांत लिहिलं तर एफडी लहान-मोठं बघत नाही, एक जरी अक्षर कॅपिटल असलं तर बघतं. देवनागरीत कॅपिटल भानगडच नसल्यामुळं आपल्याला त्याचा निम्माच उपयोग, पण सोय चांगली आहे.

फाइंडला अवतरण चिन्हं विसरलेली चालत नाहीत. ‘-नेम’ पुढं नुसतं स्टार डॉट पीडीएफ (नाव काहीही, शेवट पीडीएफ) लिहिलं तर तो स्टार फाइंडपर्यंत पोचतच नाही, आपण कमांड टाइप करतो तो शेलच मध्ये उलगडून टाकतो. चालू फोल्डरमध्ये दोन-चार पीडीएफ असतील तर निदान एरर तरी येते. नेमकी एकच असली तर फाइंड त्या एकाच नावाची फाइल शोधत बसतं आणि तुम्हाला वाटतं बाकीच्या नाहीतच. दोष शेलचा, पण शिव्या फाइंडला बसतात. दुसरी गोष्ट ‘-डिलीट’ची. फाइंड अटी डावीकडून उजवीकडं तपासत जातं, त्यामुळं ‘-डिलीट’ चुकून ‘-नेम’च्या आधी पडलं तर नाव बघायच्या आतच सगळं साफ. ते कायम शेवटी लिहायचं, आणि त्याआधी एकदा त्याच्याशिवाय चालवून यादी बघून घ्यायची.

वेगाबद्दल फार बोलत नाही. एफडी एकाच वेळी अनेक थ्रेडवर काम करतं आणि माझ्या होम फोल्डरवर ते नक्की जास्त चटचटीत वाटतं. फक्त एक करा, आधी फाइंड आणि लगेच एफडी चालवून निकाल लावू नका. पहिल्या फेरीत डिस्कवरची माहिती मेमरीत आलेली असते, दुसऱ्याला आयतं ताट मिळतं. उलट्या क्रमानं चालवून बघा, फरक बराच कमी वाटतो.

लोकेट या तिसऱ्या शोधकमांडचा विषय दोन ओळींत. ते तयार सूचीतून शोधतं म्हणून क्षणात उत्तर देतं, पण ती सूची साधारण दिवसातून एकदा बनते. उबुंटू या लिनक्समध्ये पेनड्राइव्ह जिथं जोडला जातो ते मीडिया फोल्डर सूचीतून मुळातच वगळलेलं असतं. जुनी फाइल आठवायला ठीक.

आता माझं मत ज्यानं ठरलं ते. मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. शेतकऱ्याचे रवे (गुळाच्या ढेपा) उतरले, सौदा झाला, की तोलाई-हमाली वजा करून पट्टी निघते आणि तिची पीडीएफ दुकानातल्या उबुंटू मशीनवर साठते. २०१९ च्या पुरात शेठच्या नदीकाठच्या घरातली कागदी दप्तरं गेली, म्हणून तर त्यांनी हे सगळं कॉम्प्युटरवर आणलेलं. मागच्या हंगामात एक शेतकरी वर्षापूर्वीची पट्टी मागायला आला, दुकानातल्या पोराला ती मिळेना, मला फोन आला. मी ऑफिसातूनच रिमोटनं लॉगिन केलं, एफडी चालवलं. काही नाही. महिना बदलून बघितला, काही नाही. नुसतं पीडीएफ एक्स्टेन्शन देऊन बघितलं, तरी एक ओळ नाही. एररही नाही. प्रॉम्प्ट आपला शांतपणे पुढच्या ओळीवर.

मी शेठना सांगून टाकलं, मशीनवर एकही पट्टी दिसत नाही. पलीकडून क्षणभर काही आवाज नाही. मग, ‘दिसत न्हाई म्हंजे? भिजल्या त्या कागदाच्या. ह्या कुठं भिजल्या ओ?’

बॅकअपची डिस्क घेऊन गाडीला किक मारली. दुकानात पोचलो, त्यांच्या लॉगिनवर सवयीनं एफडी टाइप केलं तर ‘कमांड नॉट फाउंड’. डेबियन-उबुंटूत एफडी हे नाव दुसऱ्या पॅकेजनं आधीच घेतलेलं असल्यामुळं तिथं या कमांडला एफडीफाइंड म्हणतात, आणि माझा शॉर्टकट फक्त माझ्या लॉगिनवर होता. वैतागून फाइंड मारलं आणि पट्ट्यांची यादी स्क्रीनभर पळायला लागली. सगळ्या जागच्या जागी.

झालं होतं ते असं. सॉफ्टवेअर त्या मशीनवर गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलनं अपडेट होतं आणि पट्ट्यांचं फोल्डर त्याच रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या फोल्डरच्या, पोटात. गिऱ्हाइकाच्या पट्ट्या चुकून आमच्या सर्व्हरवर जाऊ नयेत म्हणून गिटनं काय सोडून द्यायचं ते सांगणाऱ्या डॉट गिटइग्नोर फाइलमध्ये ‘स्टार डॉट पीडीएफ’ ही ओळ टाकलेली. ती मीच टाकलेली. एफडी मूळ सेटिंगमध्ये गिटइग्नोर पाळतं आणि टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही सोडून देतं. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, मी वाचलंही होतं. ‘-यू’ लावलं की दोन्ही बंधनं निघतात. पण वर्षभर ‘आहे’ अशी उत्तरं मिळत गेल्यावर ‘-यू’ कुणाच्या लक्षात राहतंय?

त्याचाच भाऊ शोभेल असा दुसरा प्रकार म्हणजे परवानगीच्या एरर. ज्या फोल्डरमध्ये शिरता आलं नाही त्याबद्दल फाइंड ‘परमिशन डिनाइड’ म्हणून ओळीमागून ओळ कुरकुरतं. आपण चिडतो, त्या ओळी डेव्ह नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत ढकलतो. एफडी त्या मुळात दाखवतच नाही, ‘शो एरर्स’ असं मुद्दाम सांगावं लागतं. कोड लिहिताना नोड मॉड्यूल्सचा (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार लायब्ररींच्या फोल्डरचा) कचरा आणि असल्या ओळी समोर नसणं हे सुखच आहे, नाकारत नाही. पण गिऱ्हाइकाला फोनवर ‘नाही’ म्हणून सांगायचं असतं तेव्हा कुठं कुठं बघितलं नाही ते मला आधी कळलेलं बरं.

तुमचं काम दिवसभर स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये असेल तर एफडी घ्या, माझा काही आग्रह नाही. गिटइग्नोर पाळणं हाच तिथं त्याचा मोठा गुण आहे. शॉर्टकटमध्येच ‘-यू’ घालून ठेवला तरी बरंच भागतं. मीही ठेवला होता काही दिवस, पण मग प्रत्येक शोधात नोड मॉड्यूल्स धो धो यायला लागलं आणि एफडी कशासाठी घेतलं होतं तेच आठवेना. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर, रात्री साडेदहाला, इन्स्टॉल करायची परवानगी नसताना हाताशी फाइंडच असतं. बिझीबॉक्सवाल्या (छोट्या कमांडांचा एकत्र संच असलेल्या) राउटरमध्येही त्याची छोटी आवृत्ती बहुधा सापडते. म्हणून पोराला फाइंड म्हटलं.

फाइंडचं ‘नाही’सुद्धा मी डोळे झाकून घेतो असं मात्र नाही. पट्ट्या सापडल्या त्या दिवशी शेठनी लगे हाथ ‘गुऱ्हाळ’ नावाचं फोल्डर काढून द्यायला सांगितलं. एफडीला ‘-यू’ लावून मिळेना, फाइंडलाही मिळेना, आणि फाइल मॅनेजरमध्ये ते डोळ्यांसमोर दिसत होतं. आपला हा ऱ्ह दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, कुणाच्यावर साधा र, हलन्त आणि पुढं न दिसणारा जोडक. स्क्रीनवर अक्षर तेच, आतले कोड वेगळे, आणि दोन्ही टूलं बघतात ते आतले कोड. शेवटी ‘गु’ लिहिलं, मध्ये स्टार, पुढं ‘हाळ’ आणि शेवटी आणखी एक स्टार. फोल्डर आलं, आणि त्याच्या खाली दुकानातल्या पोरानं वेगळ्या कीबोर्डवरून केलेलं त्याच नावाचं दुसरं फोल्डरही आलं, ज्याचा शेठना पत्ताच नव्हता.