निवृत्तीनंतर दवाखान्याचा खर्च: केंद्राचा कर्मचारी आणि राज्याचा कर्मचारी, दोघांचं गणित वेगळं

पुण्यातल्या शिमला ऑफिसमधला, म्हणजे हवामान खात्यातला केंद्रीय कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तिथल्याच सेंट्रल बिल्डिंगमधल्या राज्य सरकारी कार्यालयांतला बहुतेक कर्मचारी अठ्ठावन्नाव्या. दोघंही पुण्यातच राहणार, पण आजारपणाच्या खर्चाची सोय दोघांची सारखी नाही. त्यामुळे शेजारच्या काकांनी कुठली पॉलिसी घेतली हे विचारण्याआधी ते कुठल्या सरकारच्या नोकरीत होते ते विचारा.

केंद्राचे असाल तर

माझं मत स्पष्ट आहे: सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) आजीवन कार्ड आधी काढा, बाकी सगळं नंतर. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की नवरा-बायको दोघांना हयातभर सोय. पगाराचा स्तर ७ ते ११ असेल तर महिना ६५० रुपयांच्या हिशेबाने ७८ हजार, स्तर ६ ला ५४ हजार. साठीतल्या जोडप्याला दहा लाखांच्या खासगी पॉलिसीचे दोन-तीन हप्ते भरले, की सहसा एवढे पैसे जातातच. शिवाय इथे वैद्यकीय तपासणी नाही, मधुमेह आहे म्हणून थांबायला लावणं नाही, आणि बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्याही मिळतात. खासगी पॉलिसीत या गोळ्यांचा खर्च सहसा नसतोच.

उणी बाजूही आहे. वेलनेस सेंटरला, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यात, रांग असते, एखादं औषध मागवून घ्यावं लागतं म्हणून दुसरा हेलपाटा पडतो. पॅनेलवरच्या, म्हणजे सीजीएचएसची मान्यता असलेल्या रुग्णालयांची यादी बदलत राहते. तुमच्या घराजवळचं, तुमचे डॉक्टर असलेलं रुग्णालय त्यात आज आहे का, हे स्वतः पाहून घ्या. ते नसेल आणि तिथेच जायचं असेल, तरच जोडीला खासगी पॉलिसीचा विचार करा.

निवृत्तीनंतर सीजीएचएस नसलेल्या गावी राहायला जाणार असाल, तर बाह्यरुग्ण खर्चासाठी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेऊन फक्त दाखल होण्यापुरतं सीजीएचएस ठेवता येतं.

राज्याचे असाल तर

इथे खरी काळजी आहे. नोकरीत असताना ठरावीक आजारांच्या बिलांची प्रतिपूर्ती मिळते, म्हणजे भरलेले पैसे सरकार परत देतं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीसाठी फाईल फिरते, वेळ लागतो, पण पैसे येतात. या सवयीमुळे खासगी विम्याकडे कुणी पाहत नाही, आणि निवृत्त झाल्यावर सीजीएचएससारखी आजीवन सोय हाताशी नसते.

निवृत्तांसाठी शासनाची समूह मेडिक्लेम योजना २०१४ पासून आहे. ती ऐच्छिक आहे, हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा, दरवर्षी नूतनीकरण करायचं. चालू वर्षाचं परिपत्रक वाचून हप्ता आणि विमा रक्कम खासगी पॉलिसीशी ताडून पाहा.

खासगी पॉलिसी घ्यायची तर वय पाहा. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४ वर्षं होती. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रतिपूर्ती बंद होते त्याच सुमारास, पूर्ण कामाची होते. निवृत्तीच्या महिन्यात घेतली तर पहिली तीन वर्षं जुन्या दुखण्यासाठी हातात काही नाही. नोकरीत असताना दोन्हीकडचे पैसे जातात असं वाटेल, तरीही घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

हप्त्याइतकंच खोलीभाड्याचं कलम बघा. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. तुम्ही ८ हजारांची खोली घेतली. मग कंपनी फक्त वरचे ३ हजार कापून थांबत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे दर ८ रुपयांमागे ५ रुपयेच धरून, कापते. हा खर्च १ लाख ६० हजार असेल तर मिळतात १ लाख, ६० हजार तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत, पण तरी दणका मोठाच. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

सत्तरी ओलांडल्यावर

केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं, म्हणून राज्याच्या निवृत्तांनी ते जरूर काढावं. सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, आणि त्यांनी सीजीएचएस सोडू नये. या कार्डात सत्तरीच्या आतली पत्नी येत नाही, हे विसरू नका.

खासगी पॉलिसीचा प्रस्ताव अर्ज एजंटवर सोपवून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. सलग ५ वर्षं हप्ते भरल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण त्या पाच वर्षांच्या आत न लिहिलेली एक गोळी दाव्याच्या वेळी आड येऊ शकते.