सिंकहॉर्न पद्धत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तुर्भे, भिवंडी आणि कल्याण येथील आमच्या 14 गोदामांतून ठाणे जिल्ह्यातील 230 दुकानांना कांद्याच्या गोण्या कशा वाटाव्यात, हे मी आठ महिने सिंकहॉर्न पद्धतीने, म्हणजे किमान वाहतूक खर्चाच्या वाटपाचे जवळपासचे उत्तर काढणाऱ्या गणिती पद्धतीने, ठरवत होतो. गेल्या आठवड्यात पहाटे चार वाजता टेम्पो भरण्यासाठी थांबलेले असताना तिने सर्व उत्तरांच्या जागी ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी संगणकाची खूण) छापले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

दोष एप्सिलॉनचा, म्हणजे उत्तर किती ढोबळ चालेल हे ठरवणाऱ्या, आपणच निवडायच्या आकड्याचा आहे. प्रत्येक मार्गाच्या खर्चाला एप्सिलॉनने भागून ई या स्थिरांकाचा ऋण घातांक घ्यायचा आणि त्या तक्त्यातील ओळी (गोदामे) व स्तंभ (दुकाने) आळीपाळीने पुरवठा-मागणीशी जुळवायचे, एवढीच ही पद्धत. एप्सिलॉन जितका लहान, तितके उत्तर खऱ्या किमान खर्चाच्या जवळ, म्हणून काटकसरीपोटी मी तो 10 पैशांवर आणला होता. त्या दिवशी कसाऱ्याजवळचे नवे दुकान यादीत आले, ज्याचा कोणत्याही गोदामापासूनचा खर्च गोणीमागे 80 रुपयांहून अधिक होता. म्हणजे घातांक उणे 800 च्याही खाली गेला, आणि संगणकाची नेहमीची दुहेरी अचूकता (संख्या साठवण्याची 64 बिटांची रीत) उणे 746 पाशीच उत्तर शून्य धरते. संपूर्ण स्तंभ शून्य झाला आणि पुढे शून्याने भागाकार झाला. सगळे खर्च हजाराने भागून पाहिले, पण एप्सिलॉनही त्याच प्रमाणात घटवावा लागतो. महत्त्व फक्त गुणोत्तराला आहे.

लॉगरिदममध्ये गणित करणारे रूप वापरल्यावर नॅन थांबले आणि माझा राग निवळला. गती मंदावली, तरी माझा 8 जीबीचा जुना लॅपटॉप बदलावा लागला नाही. मात्र तोवर दुसरी गोष्ट डोळ्यांत भरली होती. या पद्धतीत 3,220 पैकी प्रत्येक मार्गावर थोडा तरी माल जातो, आणि पाव गोणी कोणताही टेम्पोवाला नेत नाही. इतके महिने मी हे आकडे हाताने पूर्णांकांत बसवत होतो.

म्हणून नेटवर्क सिम्प्लेक्स ही नेमके किमान खर्चाचे उत्तर काढणारी पद्धत चालवून पाहिली. तिच्या उत्तरात जास्तीत जास्त 14 + 230 − 1, म्हणजे 243 मार्ग वापरात येतात आणि पुरवठा-मागणी पूर्ण गोण्यांत असली की वाटपही पूर्ण गोण्यांतच मिळते. एवढ्या आकाराला ती क्षणभरही घेत नाही. संशोधक मार्को कुतुरी यांनी 2013 मध्ये सिंकहॉर्नचा जो वेग दाखवला, तो हजारो बिंदूंच्या गणितासाठी मोलाचा आहे, आमच्या गोदामांसाठी नव्हे.

दोन महिन्यांच्या मागणीचे 100 × 100 चौकटींचे नकाशे ताडून पाहण्यासाठी मात्र मी सिंकहॉर्नच ठेवली आहे. तेथे प्रत्येक चौकटीपासून प्रत्येक चौकटीपर्यंतच्या आकड्यांच्या पूर्ण तक्त्याला (मॅट्रिक्सला) सुमारे 800 एमबी लागले असते, पण खर्च अंतराच्या वर्गाइतका धरल्यास ते काम गाउसीय धूसरीकरणाने (चित्र अंधुक करण्याच्या क्रियेने), मॅट्रिक्स न साठवता होते.