सिल्लारीचा मुक्काम : वाघाविना पेंच, आणि मृग नक्षत्र

शनिवारी दुपारी नागपूरहून निघून रविवारी संध्याकाळी घरी परतता येईल, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना झेपेल आणि दहा वर्षांच्या मुलीलाही कंटाळा येणार नाही, अशी सहल आम्ही बरेच दिवस शोधत होतो. शेवटी पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सिल्लारी गेट ठरले. फाल्गुनातल्या अमावास्येला लागून आलेला शनिवार मुद्दाम धरला, कारण आम्हाला तिथले रात्रीचे आकाश पाहायचे होते. सफारी रविवारी सकाळची घेतली. वाघ दिसला नाही. तरीही नागपूरच्या आसपास आजवर केलेल्या सहलींमध्ये मला हीच सर्वांत समाधानाची वाटली. ज्या घरात लहान मूल आणि म्हातारे माणूस दोन्ही आहेत, त्यांनी सिल्लारीला सफारीपुरती धावती भेट न देता एक रात्र राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राहण्याची जागा मात्र आमच्यापेक्षा अधिक चौकशी करून निवडावी. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

अंतर जेमतेम 70 किलोमीटर आहे. कामठी, कन्हान आणि मनसर मागे टाकून पवनीला महामार्ग सोडायचा आणि डावीकडे आत वळायचे. रस्ता चांगला आहे. याच महामार्गावर मनसर ते खवासा या टप्प्यात वन्यप्राण्यांना खालून निर्धास्त ये-जा करता यावी म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे आणि त्यांतील सर्वांत लांब मार्ग सुमारे 750 मीटरचा आहे. मुलांना जाताना हे आवर्जून सांगावे. आपली गाडी वरून जात असताना खालून वाघही जात असेल, ही कल्पना आमच्या मुलीला इतकी आवडली की पुढचा सारा रस्ता ती खिडकीला डोळे लावून बसली होती.

पेंचला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातील पेंच हे भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, ठरले, ही गोष्ट आमच्या परिचितांपैकी फारच थोड्यांना माहीत होती. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा आदी गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे पाडणारे दिवे बसवण्यात आले. गावात अंधार नसतो, रस्ता नीट दिसतो. पण मान वर केली की उजेड आड येत नाही. नागपुरात आमच्या गच्चीवरून निरभ्र रात्रीसुद्धा पंधरा-वीस ताऱ्यांपलीकडे मोजता येत नाही, आणि तिथे पहिल्या क्षणी तर ओळखीचे नक्षत्रही गर्दीत हरवल्यासारखे झाले.

आकाश निरीक्षणाच्या जागी गेल्यावर तिथल्या तरुणाने सर्वप्रथम आमचे मोबाईल बंद करायला लावले. अंधाराला डोळे सरावण्यासाठी वीस मिनिटे तरी लागतात आणि तेवढ्यात एकदा जरी पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडला तर ती सगळी वेळ वाया जाते, हे त्याने शांतपणे समजावून सांगितले. त्याच्या हातातल्या टॉर्चला लाल कागद लावलेला होता. मुलीला वाट पाहणे जड जाईल असे मला वाटले होते, परंतु दर दोन मिनिटांनी आधी न दिसलेले तारे उगवू लागल्यावर ती स्वतःच गप्प झाली. दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ पाहिला. सुमारे 1300 प्रकाशवर्षे दूर असलेला तो धुरकट ठिपका, जिथे नवे तारे जन्माला येतात, हे ऐकून तिने पुन्हा रांगेत उभे राहून तो दुसऱ्यांदा पाहिला.

त्या रात्रीचे खरे मोल मात्र मला सासूबाईंमुळे कळले. त्यांचे माहेर काटोलकडचे, संत्र्यांच्या बागा असलेले. मृग नक्षत्र लागले की पेरणीची लगबग, मृगाचा किडा, संत्र्याचा मृग बहार, या शब्दांतच त्यांचे बालपण गेलेले. मृग म्हणजे जून महिन्यातली एक तारीख, एवढीच त्यांची सत्तर वर्षांची ओळख होती. त्या तरुणाने लाल टॉर्च बाजूला ठेवून हाताने आकाशात चौकोन आखला, “आजी, हे हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला हा तीन ताऱ्यांचा बाण, आणि तो खाली लखलखतो तो व्याध, बाण मारणारा,” असे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणालाच सुचला नसता. मृग लागतो जूनमध्ये, मग हा आत्ता मार्चमध्ये कसा दिसतो, आणि जूनमध्ये आपल्याला का दिसत नाही? तरुणाचा चेहरा उजळला. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृग दिवसा डोक्यावर असतो आणि उजेडात लपतो, असे उत्तर त्याने दिले. पंचांगातला शब्द आणि आकाशातली जागा यांची गाठ पडताना पाहणे हा माझ्यासाठी त्या सहलीतला सर्वांत मोठा आनंद होता. दक्षिणेला झाडांच्या शेंड्यांलगत अगस्त्य हा ठळक ताराही दिसला. तो त्यांनी कोणी न सांगता ओळखला.

आता सफारीविषयी. आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावरून आधीच करावे आणि आरक्षणात नोंदवलेले मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक असतात. वृद्ध माणसाला मधल्या रांगेत बसवावे, कारण मागची बैठक चाकावर येत असल्याने खड्ड्यांचे धक्के थेट कमरेला बसतात. पहाटे मार्चमध्येही बोचरा गारवा असतो आणि नऊनंतर धूळ व ऊन दोन्ही चढते, म्हणून शाल आणि रुमाल दोन्ही लागतात.

आम्हाला मिळालेला गाईड जवळच्याच गावातला होता आणि त्याच्याविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. गेटमधून आत शिरताच पंधरा मिनिटांत त्याने जिप्सी थांबवली आणि धुळीत उमटलेला पंजा दाखवला. “हा कालचा नाही नं, आजी. आपल्या पुढच्या गाडीच्या चाकाची नक्षी दिसते का? पंजा त्या नक्षीच्या वर आहे. म्हणजे गाडी गेल्यावर तो इथून गेला,” असे त्याने सांगितले. आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. चाकाच्या तिरक्या रेघा पंजाच्या कडेपाशी येऊन पुसल्या गेल्या होत्या आणि चार बोटांच्या मागे तळव्याची बारीक भुकटी अजून मोडलेली नव्हती. पुढे सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर दिलेली इशाऱ्याची हाक, आला, थोड्या वेळाने चितळाचाही आला. गाईडने इंजिन बंद करायला लावले आणि आम्ही तिथेच पंचवीस मिनिटे थांबलो. कॉल थांबले, वाघ बाहेर आला नाही. तेवढ्यात आणखी दोन जिप्सी आल्या, तेव्हा आमच्या गाईडने आपली गाडी मागे घेऊन वाट मोकळी ठेवली. डिसेंबर 2024 च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवल्याचा प्रकार घडला होता आणि त्यानंतर चालक व गाईडवर कारवाई झाली होती. ते आठवून मला या मागे घेतलेल्या गाडीचे महत्त्व अधिकच वाटले. वाघ दाखवण्यासाठी पर्यटकच गाईडवर दबाव आणतात, हेही तितकेच खरे आहे. आपण तो आणू नये.

बाकी जंगल भरभरून मिळाले. पळस फुलून झाडांवर केशरी शेंडे उरले होते, मोहाची फुले पहाटेच टपटपलेली होती आणि ती वेचायला चितळे झाडाखाली जमली होती. वर वानरे कोवळी पाने खाताना अर्धी खाली टाकत होती आणि तीही चितळेच खात होती. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेले ऐनाचे झाड आणि पांढरेशुभ्र, अंधारात भूत वाटावे असे कडईचे झाड मुलीने पुढे स्वतःच ओळखायला सुरुवात केली. तोतलाडोह जलाशयाच्या काठावर पाणी मागे सरून हिरवे गवत उघडे पडले होते आणि त्यावर गव्यांचा कळप चरत होता. हेच पाणी पुढे नवेगाव खैरीमार्गे नागपूरला येते आणि आपल्या घरच्या नळाला येते ते हेच, असे मी मुलीला सांगितले. घरी आल्यावर तिने दात घासताना नळ बंद ठेवला, हे मी लक्ष देऊन पाहिले.

आता तक्रारीचा भाग. आम्ही गेटपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका खासगी रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. खोली स्वच्छ होती, जेवणही उत्तम होते. झुणका, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि सासूबाईंनी मुद्दाम मागितलेला गोळाभात, सगळे ताजे आणि गरम मिळाले. परंतु रात्री साडेनऊला आम्ही आकाश पाहून परतलो तेव्हा हिरवळीवर मोठे फ्लडलाइट लावलेले होते, झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि एका वाढदिवसासाठी ध्वनिवर्धक सुरू होता. आरक्षण करताना मी दूरध्वनीवरून रात्री शांतता असते का, हे स्पष्ट विचारले होते आणि मला होकार मिळाला होता. व्यवस्थापकांना विनंती केल्यावर त्यांनी आवाज कमी केला, पण साडेअकरापर्यंत तो पूर्ण थांबला नाही आणि दिवे रात्रभर तसेच राहिले. गावकऱ्यांनी आपल्या दारातले दिवे बदलून ज्या आकाशाची राखण केली, त्याच आकाशाच्या जाहिरातीवर खोल्या भरणाऱ्यांनी हिरवळ उजळून टाकावी, हे मला फार खटकले. मी हे त्यांना निघताना लिहूनही दिले आहे. तिथे जाणाऱ्यांनी आरक्षणापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: बाहेरचे दिवे किती वाजता बंद होतात, ध्वनिवर्धकाला परवानगी असते का, आणि त्या दिवशी एखादा समारंभ ठरला आहे का. वनविभागाच्या निवास व्यवस्थेत जागा मिळाल्यास आधी तीच पाहावी. पुढच्या वेळी आम्हीही तेच करणार आहोत.

कोअर म्हणजे गाभा क्षेत्रातील सफारी 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात बंद असते. शिवाय पौर्णिमेच्या आसपास गेल्यास तारे चांदण्यात बुडून जातात, म्हणून सफारीची तारीख धरण्याआधी तिथी पाहणे श्रेयस्कर.

रविवारी संध्याकाळी घरी पोहोचल्यावर सासूबाईंनी हातपाय धुतले आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढून पानेच्या पाने पुढे चाळली. मार्गशीर्ष हे नाव मृगशीर्षावरूनच पडले आहे आणि त्या महिन्यात मृग अंधार पडताच पूर्वेला उगवतो, असे त्या तरुणाने निघताना सांगितले होते. त्यांनी मार्गशीर्ष अमावास्येच्या तारखेला पेनाने गोल केला आणि या वेळी नागपुरातच असलेल्या नणंदेलाही बोलवायचे, असे मला सांगितले.