तालुका न्यायालयातील मोफत विधी सेवा: बहिणीचा घटस्फोट, दोन लेकरांचा ताबा आणि चौदा महिन्यांचा अनुभव

2024 च्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचे चार जाणते लोक आमच्या घरी आले आणि त्यांनी 100 रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेली सोडचिठ्ठी बाजेवर ठेवली. अंगणात माझा साडेतीन वर्षांचा भाचा आपला लाकडी नंदी दोरीने ओढत फिरत होता, आणि कागदावर त्याच्याबद्दल एकच ओळ होती: मुलगा वडिलांकडे व मुलगी आईकडे राहील, यापुढे कोणाचे कोणाकडे काही देणे-घेणे राहणार नाही. बहीण दीड वर्षापासून माहेरी होती, पार थकली होती, आणि सही करण्यासाठी तिने पेन हातात घेतलेही होते. मी पाहुण्यांना चहा दिला, दोन दिवसांची मुदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने तिला घेऊन तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेले. हा अनुभव त्या सेवेबद्दल आहे. न्यायालय यवतमाळ जिल्ह्यातील आहे, परंतु तालुक्याचे नाव मी लिहीत नाही, कारण लेकरे लहान आहेत आणि आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी अंगणवाडी सेविका आहे. नवऱ्याने टाकलेल्या किंवा स्वतःहून परतलेल्या लेकीबाळी माझ्या रजिस्टरमध्ये दरवर्षी असतात आणि त्यांची मुले माझ्याच अंगणवाडीत येतात. तरीही कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागत नाही. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. कार्यालयातील लिपिक दादांनी हे आम्हाला समोरच्या फलकावर बोट ठेवून वाचून दाखवले. एक पानी अर्ज, आधार कार्ड, शिधापत्रिका, लग्नाचा फोटो आणि दोन्ही लेकरांचे जन्मदाखले एवढ्यावर काम झाले. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणा, असे कोणीही म्हटले नाही, आणि ज्यांनी त्या दाखल्यासाठी चार-चार चकरा मारल्या आहेत त्यांना याचे मोल कळेल.

पहिल्या सल्ल्यासाठी ज्या वकील ताई भेटल्या, त्यांनी सोडचिठ्ठी दोनदा वाचली आणि सर्वांत आधी विचारले, "लेकरं आत्ता कोणापाशी आहेत?" नवऱ्याने मारले का, हुंडा मागितला का, हे प्रश्न नंतर आले. मग त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत असे: हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडते. समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर त्याच कायद्याचे कलम 29 तिला मान्यता देते, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते; मुद्रांकावर चार पंचांच्या सह्या असणे हा तो पुरावा नव्हे. अशा कागदावर विसंबून दोघांपैकी कोणी दुसरे लग्न केले, तर पहिले लग्न कायद्याने उभेच असते. लेकरांच्या खावटीचा, म्हणजे पोटगीचा, हक्क आईने लिहून दिल्याने बुडत नाही, कारण तो हक्क लेकरांचा आहे. आणि 1956 च्या अज्ञान पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांच्या आतील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असावा, असे कलम 6 मध्ये लिहिलेले आहे. "मुलगा म्हणजे बापाचाच" हे वाक्य आमच्या बैठकीत इतक्या ठामपणे बोलले गेले होते, की बहिणीलाही ते कायद्यातलेच वाटत होते. पेन खाली ठेवायला हे अर्ध्या तासाचे बोलणे पुरेसे झाले, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी या सेवेला पूर्ण गुण देईन.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. बौद्ध कुटुंबांनाही हिंदू विवाह कायदाच लागू होतो, याबद्दल आमच्या गावात फार गैरसमज आहे. याउलट आमच्या शेजारच्या पोडावरील, म्हणजे आदिवासी वस्तीवरील, कोलाम बायकांना तो आपोआप लागू होत नाही, कारण अनुसूचित जमातींना त्याच कायद्याने वगळले आहे, आणि त्यांच्या फारकतीचा विचार त्यांच्या रूढीप्रमाणे होतो. त्यामुळे एकीची कागदपत्रे पाहून दुसरीने अर्ज करू नये. आपली बाजू आपण स्वतः वकिलांसमोर मांडावी.

आता जेथे ही सेवा कमी पडली तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. सल्ला देणाऱ्या ताई वेगळ्या होत्या, आणि प्रत्यक्ष प्रकरणासाठी नेमून मिळालेले पहिले वकील वेगळे होते. त्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज वेळेवर दाखल केला खरा, परंतु पुढच्या दोन पेशींना ते हजरच राहिले नाहीत. एका पेशीला बहीण तूर-सोयाबीनच्या कामाची मजुरी बुडवून सकाळी 10 वाजल्यापासून व्हरांड्यात बसली होती आणि दुपारी साडेतीनला तिला पुढची तारीख मिळाली. वर टायपिंग आणि झेरॉक्ससाठी म्हणून त्यांनी आमच्याकडून 1500 रुपये मागितले. मोफत विधी सेवेत अर्ज लिहिणे, टाइप करणे, समन्सचा खर्च आणि नकला हे सगळे येते, आणि नेमलेल्या वकिलाचे मानधन प्राधिकरण देते. पक्षकाराकडून त्याने काहीही घ्यायचे नसते. शिवाय महाराष्ट्रात 1994 च्या शासन अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. आम्ही पैसे दिले नाहीत. वकील बदलून मिळावा असा साधा अर्ज हाताने लिहून समितीकडे दिला, त्याची पोच घेतली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या वकील ताईंची नेमणूक झाली. तीन आठवडे कमी नव्हेत, पण तक्रार केली म्हणून आम्हाला कोणी वाईट वागवले नाही, याचीही नोंद करते.

नव्या वकील ताईंचे काम पाहून मला खरोखर समाधान वाटले. नवऱ्याकडच्या शपथपत्रात शेतीचे उत्पन्न जवळजवळ शून्य दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आहे, म्हणून ताईंनी त्या शपथपत्राशेजारी सातबारा ठेवला, आणि त्यावरची ई-पीक पाहणीची नोंद दाखवली: साडेतीन एकर कापूस, दीड एकर सोयाबीन. शेतकऱ्याचे उत्पन्न पगारपत्रकासारखे सिद्ध करता येत नाही, हे खरे आहे. नापिकीचे वर्ष असते, कर्ज असते, आणि ते ताईंनीही नाकारले नाही. परंतु पेरा मांडलेला असताना काहीच पिकत नाही असे म्हणता येत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. जानेवारी 2025 मध्ये दोन्ही लेकरांसाठी मिळून दरमहा 6 हजार रुपये अंतरिम खावटी मंजूर झाली आणि ती अर्जाच्या तारखेपासून लागू झाली.

त्यानंतर प्रकरण मध्यस्थीकडे गेले. तीन बैठका झाल्या. आमच्या घरी झालेल्या बैठकीत आणि या बैठकीत मोठा फरक हा, की येथे बहिणीला बोलू दिले गेले आणि भाऊजींनाही एकट्याने बोलू दिले गेले. त्यांनी दुसऱ्या बैठकीत प्रथमच सांगितले, की मुलगा आपल्याकडेच हवा हा हट्ट त्यांच्या वडिलांचा होता. स्वतःला केवळ लेकरे आपल्याला विसरतील याची भीती होती. ते ऐकून माझाही राग निवळला. ठरले ते असे: दोन्ही लेकरे आईकडे, महिन्यातून दोनदा वडिलांची भेट, दिवाळीचे अर्धे दिवस आणि उन्हाळ्याचे 15 दिवस वडिलांकडे, खावटी चालू, आणि बहिणीला एकरकमी द्यायची रक्कम दोन हप्त्यांत, पहिला हप्ता सोयाबीन विकल्यावर आणि दुसरा कापूस विकल्यावर. हप्त्यांच्या तारखा पिकाला जोडायची सूचना मध्यस्थांचीच होती. शेतकऱ्याला मे महिन्याची तारीख दिली तर पैसे सावकाराकडूनच येतात, हे त्यांना माहीत होते.

आमच्या तालुक्यात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय असल्याने परस्पर संमतीचा अर्ज एप्रिल 2025 मध्ये तेथेच दाखल झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते आणि अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा संमती द्यावी लागते. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असे 2017 च्या अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि आमचे वेगळे राहण्याचे दिवस त्यात बसतही होते. ताईंनी हा पर्याय सांगितला. मात्र हुकूमनामा झाल्यावर पैसे वसूल करायला पुन्हा न्यायालयात यावे लागू नये, म्हणून पहिला हप्ता हातात येईपर्यंत थांबणे बरे, असेही सांगितले. आम्ही थांबलो. नोव्हेंबर 2025 मध्ये हुकूमनामा झाला.

या सगळ्यात माझ्या मनात राहिलेला क्षण मात्र त्याआधीचा आहे. अंतरिम अर्जाच्या वेळी न्यायाधीश मॅडमनी आठ वर्षांच्या भाचीला एकटीला दालनात बोलावले. मूल समजते असेल तर ताब्याच्या प्रश्नात त्याचे म्हणणे न्यायालय विचारात घेऊ शकते. ती दहा मिनिटांनी बाहेर आली. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "मॅडमनं इचारलं, तुही वेणी कोण घालते. मी सांगतलं, शाळेच्या दिवशी आई आन् रविवारी मोठी आई." तिला कोणाची बाजू घ्यायला लावली गेली नव्हती. मोठी आई म्हणजे मी. मॅडमनी ते टिपून घेतले की नाही, मला ठाऊक नाही, पण ते उत्तर मी विसरणार नाही.

भेटींची व्यवस्था हा मात्र या सेवेतील सर्वांत दुबळा भाग आहे आणि माझी खरी तक्रार तेथेच आहे. अंतरिम काळात पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी लेकरांनी वडिलांना न्यायालयाच्या आवारात भेटायचे होते. आवारात म्हणजे व्हरांड्यातील एका लाकडी बाकावर. एका बाजूने हातकडी घातलेला आरोपी नेला जात आहे, दुसऱ्या बाजूला पट्टेवाला नावे पुकारत आहे, आणि मध्ये भाऊजी गुडघ्यावर बिस्किटाचा पुडा ठेवून बसले आहेत. भाचा पहिल्या भेटीत बहिणीच्या पदरात तोंड खुपसून राहिला. भाऊजींनी तो पुडा उघडला, त्यातले एक बिस्किट बाकाच्या कडेवर ठेवले आणि स्वतः दुसरीकडे पाहू लागले. बऱ्याच वेळाने लेकराने हात पुढे करून ते घेतले. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि ते पुन्हा पदरात शिरले. जो बाप मोठ्या शहरातील कौटुंबिक न्यायालयात जातो, त्याला मुलांसाठी वेगळी खोली आणि चार खेळणी मिळू शकतात. तालुक्याच्या लेकराला बाक मिळतो. ताब्याचा निर्णय लेकराच्या हिताने होतो असे प्रत्येक आदेशात लिहिलेले असते, मग भेटीची जागाही त्याच मापाने मोजली पाहिजे.

आम्ही संमतीच्या अटींमध्ये भेटीची जागा बदलून घेतली. आता भेट दोन्ही गावांच्या मधल्या गावी भाऊजींच्या मावशीकडे होते, आणि तेथे अंगण आहे. ज्यांचे प्रकरण चालू आहे त्यांनी जागा, वेळ, मुलांना कोण आणणार आणि कोण पोचवणार, हे सगळे अटींमध्येच लिहून घ्यावे. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यास बदलून मागता येतो, परंतु त्यासाठी पुन्हा पेशी आणि पुन्हा बुडालेली मजुरी आलीच.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. सल्ला आणि मध्यस्थी यांना पाच, वकिलाच्या नेमणुकीवरील देखरेखीला तीन, लेकरांच्या भेटीच्या सोयीला एक. घरून निघण्यापूर्वी 15100 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर बोलून घेतले तर एक फेरी वाचते. प्रत्येक अर्जाची पोच आणि प्रकरणाचा सीएनआर क्रमांक जपून ठेवावा. त्या क्रमांकावरून पुढची तारीख मोबाइलवर दिसते आणि वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

न्यायालयाच्या मागे जुन्या दप्तराची एक खोली आहे, ती बहुतेक बंदच असते. ती लेकरांच्या भेटीसाठी उघडावी, सतरंजी आणि खेळणी आमच्या अंगणवाडीच्या बायका वर्गणी काढून देतील, असा अर्ज मी डिसेंबरमध्ये समितीकडे दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आले की येथेच लिहीन.